न उलटलेलं पान

"...आणि आईनं आतून कडी लावून घेतली. समाप्त."

तोरिगोएबाईंनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले, जणू ते उडून जाणार होतं.

समोर कुरामोचीशेट मान कलती करून बसले होते. दृष्टी गेल्यापासून ते दर गुरुवारी जपानातल्या याइझू बंदराच्या वाचनालयातल्या या कपाटाएवढ्या खोलीत येत आणि बाई त्यांना रहस्यकथा वाचून दाखवत. वाचणाऱ्यांना नियम एकच होता. छापलंय तेवढं वाचायचं, पदरचं घालायचं नाही, गाळायचंही नाही. हा नियम बाईंइतका कडक कोणी पाळत नसे. मध्ये कोरं पान आलं तर त्या "कोरं पान" असंही वाचत. बाई एक दिवस पानावर चिरडलेला डासही वाचतील, अशी शेटजी त्यांची टर उडवत.

"संपली?"

"संपली."

"पोरगा बाहेर बर्फात उभा?"

"उभा."

पोरगा म्हणजे कादंबरीतला. बँकेचा माणूस बनून म्हाताऱ्या बायकांच्या दारी जायचं आणि पैशांचं पाकीट टोळीच्या म्होरक्याकडे पोचवायचं, हे त्याचं काम. त्यांतल्या एकीचा खून झाला. कोणी केला हे त्याला ठाऊक होतं, तरी वर्षभर तो गप्प बसला. मग बोलला, शिक्षा भोगली आणि आईच्या दारात आला. हल्लीच्या कादंबऱ्यांना असलेच गुन्हे लागतात. वर्तमानपत्र उघडलं की तयार माल मिळतो. खुनी मागच्याच गुरुवारी सापडला होता, पण या दोघांचं भांडण मिटलं नव्हतं. कारण ते खुन्यावरून नव्हतंच, पोरावरून होतं.

"शेवटी बोलला ना बिचारा," शेटजी तेव्हा म्हणाले होते. त्यांचा सगळा जन्म सुक्या मासळीच्या घाऊक धंद्यात गेलेला. "अहो, आमच्याकडे बिघडलेली मासळीसुद्धा फेकत नसत. खताला जायची."

"मग त्याचंही खत करा."

शेटजी खो खो हसले होते. बाई हसल्या नव्हत्या.

बाईंचा मुलगा गेन्ता असल्याच कामापायी तुरुंगात होता, हे शेटजींना माहीत नव्हतं. गेन्ताच्या बाबतीत कोणी मेलं नव्हतं. एक आजी मात्र त्याला म्हणाली होती, "बाळा, थंडी फार आहे, चहा घेऊन जा." तो बसला, चहा प्यायला आणि पाकीट घेऊन गेला. कोर्टात हे ऐकल्यापासून बाईंना चोरीपेक्षा तो चहाच जास्त लागला होता. आता त्याला मुदतीआधी सोडायचं घाटत होतं. घरच्या कोणीतरी 'मी सांभाळीन' असं लिहून द्यायला हवं होतं. वस्तीतले न्हावी इवासे हे सुटलेल्यांवर देखरेख ठेवण्याचं काम बिनपगारी करत. ते पुन्हा पुन्हा विचारून गेले. दर वेळी बाई "बघते" म्हणाल्या. आज शेवटचा दिवस होता.

"बाई, रागावू नका," शेटजी म्हणाले. "पुस्तक संपलं की तुम्ही मागची कोरी पानंही वाचता. आज वाचली नाहीत."

बाईंनी मिटलेलं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"डोळे गेलेत, कान आहेत. एक पान उलटायचं राहिलंय."

बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. बोट ओळीवर ठेवलं, जे त्या कधी ठेवत नसत.

"कडी पुन्हा वाजली. दार उघडलं. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, 'बूट...'" त्या थांबल्या. बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं. "'बूट काढ. भात गरम आहे.' समाप्त." मग पान उलटून, "कोरं पान."

"फार स्वस्तात सोडलं त्याला," शेटजी म्हणाले.

"तुम्हीच तर त्याची वकिली करत होता!"

"त्याची लायकी आहे असं मी कुठं म्हटलं? लायकी बघून दारं उघडायची तर आमच्या हिनं मला पहिल्याच वर्षी बंदराच्या धक्क्यावर झोपवलं असतं. लायकी नव्हतीच हो. तिनं आधी घरात घेतलं, मग ती लायकी मला अंगी आणावी लागली. जन्म गेला त्यात." त्यांनी काठी चाचपली. पान का लपवलं, हे विचारलं नाही. "पुढच्या गुरुवारी जरा साधासुधा खून आणा."

एरवी बाई न्हाव्याची गल्ली टाळून घरी जात. आज त्या तिकडेच वळल्या. चालता चालता त्यांनी मनातल्या मनात गेन्ताच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवून जिन्याखाली बसवलं. तिथं उजेड कमी होता. चालेल, त्या म्हणाल्या, दिवा लावू.

दुकानात इवासे वस्तरा धरून उभे होते. खुर्चीत फेसानं माखलेलं एक गिऱ्हाईक, बाकावर आणखी एक म्हातारा.

"इवासेसान, मी लिहून देते. सांभाळते त्याला." बाई उंबऱ्यातूनच बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

इवासेंनी वस्तरा खाली ठेवला. "बाई, आत बसू या का?"

"नको. काय ते इथंच सांगा."

"काल भेटून आलो त्याला. त्यानं अर्जातून तुमचं नाव काढून टाकायला लावलं. दूर उत्तरेला आओमोरीकडे अशा लोकांसाठी एक वसतिगृह आहे, तिथं जातोय. सकाळीच पक्कं झालं."

"माझं उत्तर आज द्यायचं होतं."

"तेच म्हटलं मी त्याला. थांब एक दिवस, म्हटलं." इवासे पंच्याची घडी घालू लागले, घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "म्हणाला, आईला आता विचारू नका. ती नाही म्हणेल, आणि मग 'मी पोराला नाही म्हटलं' हे ओझं तिला मरेपर्यंत वाहावं लागेल. त्यापेक्षा मीच तिला नको म्हटलं, असं होऊ दे."

फेसवाल्यानं डोळे मिटून घेतले. तेवढंच त्याच्या हातात होतं.

"जेवतो का नीट?"

"जेवतो. जरा वाळलाय."

"पत्ता..."

"नको म्हणालाय, बाई. सध्या तरी."

बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला, नको तितका खाली. "तुमचं काम चालू द्या," म्हणाल्या आणि जायच्याऐवजी बाकाच्या टोकाला बसल्या. इवासेंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वस्तरा उचलला. फेसवाल्याची दाढी झाली, पैसे देऊन तो गेला. बाकावरचा म्हातारा उठला आणि बाईंकडे बघून घुटमळला.

"तुमचा नंबर आधी का, बाई?"

"नाही, नाही. तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मला कसली घाई आहे?"