पाय नसलेला फोटो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, आणि उरलेली माणसं खिडक्यांमध्ये चढून बसली. मंचावर बाबा हात पसरून सांगत होते, "शंका हाच खरा आजार. बाकी सगळी लक्षणं." अशी वाक्यं त्यांच्याकडे घाऊक असायची. डॉक्टर हाडं बघतात, बाबा स्पंदनं बघतात. विज्ञान जिथं दमतं, तिथं बाबांची पहिली पायरी लागते. ही पायरी नेमकी कुठं नेते, ते कधी कुणी विचारलं नाही.

मग ते चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या बाईंपुढे वाकले.

"आजी, किती वर्षं झाली?"

आजी काहीतरी पुटपुटल्या. माइक बाबांच्याच तोंडाशी होता.

"अकरा वर्षं," बाबांनी सभागृहाला सांगितलं. "आजी, उठा."

आजी उठल्या. चार पावलं चालल्या आणि गोंधळून दोन्ही हात वर केले. लोक रडायला लागले. मी तीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढतोय. अशा वेळी मला रडू येत नाही, फक्त चौकट दिसते. मी बटण दाबलं.

ऑफिसात पान लावणारा ओरडतच होता, "पहिल्या पानावर दोन कॉलम उभे मोकळे आहेत, लवकर दे." ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, फोटोच्या कडा झाडून घे, कचरा ठेवू नको. मी झाडून घेतल्या. डावीकडे खुर्च्यांची रांग आणि कुणाच्या तरी पिशव्या होत्या, त्या गेल्या. खाली वायरींचं जंजाळ होतं, म्हणून गुडघ्याच्या वरून कापलं. उरला आजींचा चेहरा, वर गेलेले हात आणि मागचा उजेड. खाली ओळ आली, 'अकरा वर्षांनी उभ्या राहिल्या'. मला तो फोटो फार आवडला होता, हे कबूल करतो. बाबांच्या लोकांनाही आवडला. आठवड्याभरात तो दुकानांच्या काचांवर चिकटला.

तीन आठवड्यांनी एक बाई ऑफिसात आल्या. माझ्या भाऊजींना पक्षाघात झाला होता, उजवी बाजू गेली होती, आणि या बाई रोज घरी येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या.

"तुमच्या ताईंनी मला यायचं बंद करायला सांगितलंय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमचा फोटो छापून आला तेव्हापासून. भिंतीवर लावलाय त्यांनी. रविवारी तुमच्या भाऊजींना सभेला नेणार आहेत. मी समजावलं, तर म्हणाल्या, माझ्या भावानं समोर उभं राहून काढलाय, तो खोटं दाखवायचा नाही."

ताई फोनवर 'सगळं ठीक' म्हणायची आणि मला तेवढं पुरायचं. मी खुर्ची पुढं सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

"त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला होता," त्या म्हणाल्या. "हे सुरुवातीचे महिने वाया घालवायचे नसतात. पूर्ण फोटो आहे का तुमच्याकडे? यात पाय कुठं आहेत?"

चालण्याचा चमत्कार, आणि फोटोत पायच नव्हते. हे तीन आठवड्यांत एवढ्या मोठ्या गावात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी मूळ फोटो उघडला. बाईंनी चष्मा पुसला आणि खालच्या भागावर बोट ठेवलं.

"लुगड्याखाली दिसणाऱ्या या पोटऱ्या बघा. अकरा वर्षं न चाललेल्या माणसाच्या पोटऱ्या काड्या होतात. या बाई रोज जिने चढतात. आणि चपला बघा, टाचा झिजल्यात. बसून कुणाच्या चपला झिजतात का?"

मग आम्ही डावी कड बघितली. चाकाच्या एकसारख्या आठ खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा. शेवटच्या खुर्चीपाशी एक गृहस्थ दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन उभे, आणि बाबांचा कार्यकर्ता त्यांना दंडाला धरून बसवतोय.

"हे चालत आलेत आणि खुर्चीत बसताहेत," बाई म्हणाल्या. "इथं चमत्कार उलटा चाललाय."

आजी सापडायला वेळ लागला नाही. सभागृहाच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडायला त्याच खाली आल्या.

"दारातला माणूस म्हणाला, आजी, दमला असाल, या खुर्चीत बसा, पुढं नेतो. पुढची जागा मिळतेय तर नाही कोण म्हणेल? मग बाबा म्हणाले उठा, मी उठले."

"आणि अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं गुडघा दुखतोय. तेच सांगितलं. गुडघा राहिला बाजूला." त्यांनी पदर सारखा केला. "लोक टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, वयाचा मान ठेवताहेत."

पूर्ण फोटो छापला तर चालेल का, असं मी विचारलं.

"छापा की. सून म्हणते, मी खोटं बोलून पेपरात आले. चालणारी बाई होते म्हणावं, पाय दाखवा माझे."

संपादकांना मात्र ते जड गेलं. "पूर्ण फोटो छापू, पण आपण आधी कापला होता हे कशाला सांगायचं? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"कापल्याचं लपवलं तर लोक म्हणतील, दुसराच फोटो आहे," मी म्हणालो. "मी जिथं कापलं, तिथं पांढऱ्या रेषा आखून छापा. खाली माझं नाव घाला."

ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. शेवटी छापला, पण सातव्या पानावर. पहिलं पान चमत्काराला मिळतं, खुलाशाला सातवं. एवढ्या वर्षांत मला त्याचा राग यायचाही थांबला होता.

शनिवारी सकाळी तो अंक घेऊन मी ताईकडे गेलो. भाऊजी खिडकीपाशी पडून होते. ताईनं अंक टेबलावर पसरला आणि पांढऱ्या रेषांवरून बोट फिरवलं. मी खुर्च्या दाखवल्या, चपला दाखवल्या, आजी काय म्हणाल्या ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हा बाकीचा भाग तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता?"

"हो."

"मग मला एवढासाच का दाखवलास?"

दोन कॉलमच जागा होती, असं मी म्हणालो. बोलता बोलताच लाज वाटली. ताईनं भिंतीवरचा फोटो काढला, टाचण्या मात्र तिथंच राहिल्या.

दुपारी बाई आल्या. त्यांनी भाऊजींचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठा हलवायला सांगितलं. भाऊजींनी डोळे मिटून जोर लावला. कपाळावर घाम आला, अंगठा हलला नाही.  पहिल्या दिवसाचा पहिला व्यायाम बाईंनी पुन्हा सुरू केला, आणि ताई शेजारी बसून आकडे मोजायला लागली.

रविवारी सभागृह पुन्हा भरलं होतं म्हणे. थोडी गर्दी कमी होती, एवढंच. मला नवल वाटलं नाही. दुखणं मोठं असलं की माणूस कुणाचंही ऐकतो, आणि त्याला हसायचा हक्क निदान मला तरी नाही.

पण एवढं जरूर करा. कुणी उठून चालताना दाखवला, तर तो आत कसा आला होता ते विचारा. फोटो दाखवला, तर कडेला काय होतं ते विचारा. विचारल्यानं खरी गोष्ट मोडत नाही, आणि खोटी मोडली तर आपलं काही जात नाही. औषध आणि व्यायाम उत्तर मिळेपर्यंत थांबवू नका. आणि दाखवणारा सख्खा भाऊ असला, तरी विचारा.