थोरलीत बुडालं, धाकटीत निघालं

धाकटी नदीच्या काठी अख्खं गाव लोटलं होतं. सकाळी थोरली नदीत सोडलेले औषधांचे डबे धाकटीतून वाहत येत होते, आणि तेही रिकामे! औषधं थोरलीत सोडा, रोग मी गिळतो, असं गावात उतरलेल्या चमत्कारी बाबांनी सांगितलं होतं. म्हणजे बाबांनी रोग गिळला.

"एक नदी उत्तरेला जाते, दुसरी दक्षिणेला!" बाबा गरजले. "डबा आला कुठून? पाताळातून!"

"आणि झाकण लावून," शिंपीकाका गहिवरले.

भूगोलाच्या बाईंना गहिवरायला सवड नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या नदीत सोडून बसलेल्या त्यांच्या सासूबाई काल चक्कर येऊन पडल्या होत्या. नव्या गोळ्या आणते म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याही सोडेन. आजार गेलाय माझा, अशक्तपणा तेवढा राहिलाय."

गावाच्या पूर्वेला थोरली, पश्चिमेला धाकटी. दोन्हीकडच्या लोकांचं असं वाकडं, की एकमेकांच्या पाण्यात कोणी पायही धूत नसे. उत्तरेच्या टेकडीमागे दलदल. तिकडे फक्त डास जात. शाळेच्या नकाशातही दोन्ही नद्या टेकडीपाशी अदबीने थांबत.

"नदी अशी थांबते होय?" म्हणत बाईंनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि थोरलीत लोटली.

टेकडीमागे नदी चक्क वळसा घालून माघारी फिरत होती. वळणावर बाबांचा पट्टशिष्य चिखलात उभा राहून डबे जाळीने अडवत होता, गोळ्या पिशवीत ओतत होता आणि रिकामे डबे झाकण लावून पुढे सोडत होता.

"रोग गिळताय वाटतं?"

"छे हो, बाजारात विकतो," तो दचकून खरं बोलून गेला.

त्याला पिशवीसकट घेऊन बाई धाकटीच्या काठाला लागल्या, तेव्हा शिंपीकाकांनी त्यांच्यापुढे लोटांगणच घातलं. "बाई पाताळातून आल्या!"

"उठा! टेकडीमागून आलेय. नदी एकच आहे."

"पण नावं तर दोन आहेत!"

"तुम्हाला घरी बाळ्या म्हणतात, दुकानात काका. म्हणून दोन ताटं वाढतात का?"

"तुझ्यावर का विश्वास ठेवायचा गं?" सासूबाई कडाडल्या.

"नकाच ठेवू, आई. माझ्यावर नको, बाबांवर नको. होडीत बसा आणि आपल्या डोळ्यांनी बघा."

सासूबाई तणतणत बसल्या. सगळा वळसा त्यांनी पाण्यात वाकून पाताळ शोधलं. होडी थोरलीत निघाली, तेव्हा त्या सरळ होऊन सुनेकडे वळल्या.

"अगं, मग माझा आजार कुठे गेला?"

"कुठेच नाही, आई. तुमच्यापाशीच आहे."

सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. "मग बघत काय बसलीस? दवाखाना बंद होईल ना!"