वेदीची चादर

टेलरबाईंनी शिलाई मशीन विकून सहा वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, आणि प्रार्थनेला बसलं की दुसऱ्याच वाक्याला डुलकी लागायची. देवाचं म्हणावं असं एकच काम हातात उरलं होतं. चर्चच्या वेदीवर अंथरायची पांढरी चादर दर शनिवारी धुवायची, खळ घालायची आणि कडक इस्त्री करून पोचवायची. मंडळीतल्या एका सुनेचा त्या कामावर डोळा होता. पाळकसाहेबही दोनदा गोड बोलून, आता विश्रांती घ्या, असं सुचवून गेले होते. बाईंनी दाद दिली नव्हती. हेही गेलं तर देवापुढे उभं राहायचं ते रिकाम्या हातांनी, याची त्यांना खरोखर भीती वाटायची.

दुसरी चादर घरची. वेदीच्याच ताग्यातून उरलेल्या कापडाची, नवऱ्याच्या अंथरुणावरची. एकेकाळी ट्रक चालवणारा तो माणूस वर्षभर अंथरुणाला खिळला होता. त्याची चादर दिवसाआड ओली व्हायची आणि ती बदलताना बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तो छताकडे बघत सगळं ऐकून घ्यायचा. वेदीची चादर मात्र घडी मोडू नये म्हणून बाई श्वास रोखून उचलायच्या.

त्या शनिवारी अंगात त्राण नव्हतं. दोन्ही चादरी त्यांनी एकाच बादलीत धुतल्या आणि वैतागून एकाच खळीत बुडवल्या. इस्त्री करून एक चर्चला पोचवली, दुसरी नवऱ्याखाली अंथरली. रविवारी सकाळी नवरा कुरकुरला की चादर टोचतेय. तुम्हाला आता मखमल अंथरू का, असं ऐकवून त्या चर्चला निघून गेल्या.

प्रभुभोजनाच्या वेळी त्या वेदीजवळ पोचल्या आणि नजर चादरीवर गेली. भाकरीच्या ताटापासून वीतभर अंतरावर, नवऱ्याच्या पाठीला लावायच्या मलमाचा फिकट डाग होता. शेजारी त्यांच्याच हातचं रफू. पाळकसाहेबांनी नेहमीसारखा भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, तोंडाला कुलूप. उद्या गुपचूप बदलून टाकू.

घरी आल्या तर नवरा वेदीच्या चादरीवर पडला होता. कोपऱ्यात पांढऱ्या धाग्याने भरलेला क्रूस त्याच्या टाचेखाली, आणि चादर चिंब ओली. तो म्हणाला, “माफ कर. फार वेळ धरून ठेवलं होतं गं.”

बाईंचं तोंड उघडलं. शब्द तयारच होते, वर्षभर घासून लख्ख झालेले. पण त्या पलंगाच्या कडेला बसल्या. या माणसाच्या डागाच्या चादरीवर तासाभरापूर्वी प्रभूची भाकर ठेवली होती. प्रभूने तक्रार केली नव्हती. तक्रार सगळी आपलीच, वर्षभर, मुकाट ऐकून घेणाऱ्या या माणसाशी. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला.

त्या उठल्या. पाणी कोमट केलं, त्याला कुशीवर वळवलं आणि पाठ हळूहळू पुसली. ओली चादर काढताना घाई केली नाही. त्याने दोनदा मान वळवून बघितलं.

“आज बोलत का नाहीस?” त्याने विचारलं.

“बोलायचंय, पण तुमच्याशी नाही,” म्हणत बाईंनी फोन उचलला.

पाळकसाहेबांना त्यांनी चादरींची अदलाबदल सगळी सांगितली, डागासकट. पाळकसाहेब चांगलेच गडबडले. असू द्या, होतं असं, म्हणून समजूत घालू लागले.

“वेदीचं काम त्या सूनबाईंना द्या,” बाई म्हणाल्या. “मला घरची एक आहे धुवायला. ती आजवर मी कधी नीट धुतलीच नाही.”