काळडोहाची हाळी

उस्मानपुऱ्यात पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत साहेबरावांचा कॉम्प्युटर क्लास होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर पोरांना शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी तो काढला. वाळूजच्या कारखान्यांत नुकतेच कॉम्प्युटर येऊ लागले होते. शिफ्ट संपवून तरुण पोरं शिकायला यायची. त्यांतलाच एक बिरू, पाचोडकडच्या मेंढपाळाचा मुलगा. शिकता शिकता त्यानं एक खेळ लिहिला आणि त्याला ‘काळडोह’ असं नाव दिलं.

वेताळानं कळप पळवलेला असायचा. आपण गडी निवडायचे, त्यांना नावं द्यायची, कुणाला लोहार करायचं, कुणाला वैद्य, कुणाला देवऋषी, आणि उरलेली मेंढरं घेऊन रान तुडवत निघायचं. दिवस मावळला की मुक्काम.

कुठलीही नवी वस्तू आली की साहेबराव मुलांना तिच्यातलं बरं-वाईट विचारायचे. या खेळाचंही त्यांनी विचारलं.

“बरं हे की कुणालाच सगळं येत नाही,” सरू म्हणाली. “वैद्याला लढता येत नाही, लोहाराला जखम बांधता येत नाही. सगळ्यांना धरून चालावं लागतं.”

“आणि वाईट?”

“चित्रच नाही सर,” फकिरा म्हणाला. “वेताळ आला म्हणे! येतो काय, तर इंग्रजी व्ही. आता एबीसीडीला कोण भितं?”

सगळे हसले. बिरूही हसला.

“पण हाळी भारी आहे,” फकिरानंच कबूल केलं.

हाळी बिरूनं घरून आणली होती. मेंढरांच्या वाड्यावर, म्हणजे रानातल्या फिरत्या मुक्कामावर, दिवस मावळताना घरातलं मोठं माणूस रानाकडे तोंड करून हाळी देतं आणि जो जिथं असेल तिथून शीळ घालून ओ देतो. प्रत्येकाची शीळ वेगळी. खेळातही एक कळ दाबली की मशिनच्या आतला छोटा भोंगा वाजायचा आणि एकेक गडी ओ द्यायचा. एका गड्याचं नाव बिरूनं बिरूच ठेवलं होतं. त्याची शीळ वर चढत जायची आणि मधेच तुटायची.

“फक्त मेलेला गडीपण ओ देतो, भावड्या,” फकिरा बिरूला म्हणाला. “तुझा बिरू काळडोहावर पाणी बघायला गेला, तिथं हडळीनं मारला. तरी शीळ घालतोय.”

“गडी जिवंत आहे का ते बघायचं लिहायला विसरलो,” बिरू म्हणाला. “रविवारी करतो दुरुस्त.”

त्या रविवारच्या आधीच शिफ्टची बस उलटली. बिरू जागेवरच गेला.

महिन्याभरानं त्याची आई म्हाळसाबाई आणि धाकटी बहीण बाना त्याची पिशवी न्यायला आल्या. त्यांचा वाडा तेव्हा चितेगावजवळ होता. बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. साहेबरावांना वाटलं, पोरानं काय केलं ते माऊलीनं बघावं. त्यांनी बिरूचा खेळ तो जिथं सोडून गेला होता तिथून सुरू केला. पडद्यावरची इंग्रजी अक्षरांतली मराठी बाना वाचून दाखवत होती. खेळात दिवस मावळला. साहेबरावांनी कळ दाबली.

एकेक शीळ आली. शेवटची वर चढत गेली आणि तुटली.

म्हाळसाबाई उठून उभी राहिली. खिडकीबाहेर गल्लीत कुणी नव्हतं. ती परत मशिनसमोर आली.

“बिरूची हाय,” ती म्हणाली. “त्यानं ओ दिली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही. फक्त हाळीची कळ दाबायची, शीळ ऐकायची आणि पडद्यावरची ओळ बानाकडून वाचून घ्यायची. ‘बिरू आला नाही.’ मग ती थोडा वेळ वाट बघायची आणि पुन्हा कळ दाबायची. बाकीच्या मुलांनी संध्याकाळी त्या खोलीत यायचंच सोडलं. भोंगा तोच, खोली तीच, पण ती शीळ आता दाराबाहेरच्या जिन्यातून आल्यासारखी वाटायची.

ते संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. विद्यापीठाचं नामांतर आज होणार, उद्या होणार, म्हणून शहराचा श्वास अडकलेला. कुठं मोर्चा, कुठं बंद. एकदा काळीपिवळी बंद होती तर म्हाळसाबाई बानाला घेऊन चितेगावाहून चालत आली. क्रांती चौकात शिपायानं अडवलं.

“मावशी, कुठं निघालात?”

“लेकाला हाळी द्यायला.”

शिपायानं बानाकडे बघितलं आणि काठी बाजूला घेतली.

मग एका दुपारी बाना एकटीच आली. ओठ सुकलेले.

“सर, आमचा वाडा उठंना,” ती म्हणाली. “चितेगावाला आता काडी राह्यली नाय. रानमालक नांगर घेऊन बांधावर उभा हाय. आजूबाजूचे वाडे कवाच नाथसागराच्या काठाला गेले, तिथं पाणी हटून गवत आलंय. आमच्या गाभण मेंढ्या बसल्या की उठत नायत. काल दोन कोकरं मेली.”

“मग थांबलात कशाला?”

“माय चूल काढंना. तिनं चूल काढल्याबिगर आबा वाडा हलवत न्हाईत. अन् ती म्हणती, ज्यानं ओ दिली त्याला टाकून वाडा उठत नसतो.”

ही रीत साहेबरावांना बिरूनंच सांगितली होती. हाळीला ओ मिळाली की ते माणूस येईपर्यंत वाडा जागचा हलत नाही, मग पाऊस येवो की लांडगा.

“एक ओळ लिहिली की शीळ बंद होते,” ते म्हणाले. “बिरूला तेच करायचं होतं. करू?”

बानानं मान हलवली. “नको. आज ओ आली नाय तर तिला वाटंल, तो पुन्हा गेला. दोनदा कसं सोसंल ती?”

संध्याकाळी म्हाळसाबाई आली, तेव्हा तिच्यामागं मुंजाबाही होता. बिरूचा बाप. फेट्यावर धूळ, हातात काठी. तो खुर्चीवर बसेना, दाराशीच उकिडवा बसला. म्हाळसाबाईनं कळ दाबली. एकेकाची शीळ आली. शेवटची तुटली.

मुंजाबाची काठी हातातून सुटली. त्यानं ती उचलायला बराच वेळ घेतला.

“व्हय,” तो म्हणाला. “त्याचीच हाय.”

“मग? म्या येडी हाय का?”

“तुला कोण येडी म्हणतंय? पर अर्धीच रीत धरून बसलीस. ओ देतो अन् येत न्हाई, त्याला चालता येत नसतं. मग वाडा त्याच्यापाशी न्यायचा. तुझ्या सासऱ्याला साप चावला तवा नेलता का नाय?”

म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला.

“बोल की.”

“तितं गेलं तर पडलेला दिसंल,” ती म्हणाली.

“पडलेलाच हाय तो, म्हाळसा. माती म्याच दिली.” मुंजाबाचा आवाज खाली आला. “तिकडं मेंढरं पडायलीत. चल, त्याच्याकडं जाऊ.”

खाली गिरणीचा पट्टा फिरत होता. मग म्हाळसाबाई बानाला म्हणाली, “ने वाडा.”

बाना खुर्ची ओढून मशिनसमोर बसली. साहेबराव मागं उभे राहून हळूहळू सांगत होते, पुढं, आता डावीकडे. पडद्यावर टेकडी गेली, ओढा गेला. वाटेत हडळ आली, नुसतं एक अक्षर, तरी बाना दचकली. लोहारानं तिला अडवलं, वैद्यानं लोहाराची जखम बांधली. काळडोह आला. पडद्यावर ओळ उमटली.

बानानं वाचली. “‘इथं बिरू पडला आहे. त्याची घोंगडी काढून घ्यायची? हो किंवा नाही.’”

“म्हंजी काय?” मुंजाबानं विचारलं.

“खेळात असंच असतं,” साहेबराव ओशाळून म्हणाले. “मेलेल्या गड्याच्या वस्तू बाकीचे घेतात. त्याच्या कामाच्या राहत नाहीत ना.”

म्हाळसाबाई पडद्याजवळ गेली. जिथं ते इंग्रजी बी अक्षर होतं तिथं तिनं बोट ठेवलं.

“थंडीचे दिस हायत,” ती म्हणाली. “राहू दे त्याच्या अंगावर. नाही म्हण.”

बानानं नाही म्हटलं. खेळात दिवस मावळला. या वेळी म्हाळसाबाईनं हाळीची कळ दाबली आणि हात तिथंच ठेवला. लोहाराची शीळ आली, वैद्याची, देवऋष्याची. मग ती वर चढत जाणारी. तुटली, आणि खाली ओळ आली.

बाना वाचताना अडखळली. “‘सगळे आले.’”

साहेबरावांच्या लक्षात आलं. जिवंत आहे का हे बिरूनं खेळाला विचारायला सांगितलंच नव्हतं. सगळे एका जागी आहेत का, एवढंच खेळ बघत होता. हीच ती राहून गेलेली चूक.

“‘वाडा हलवायचा?’” बानानं पुढची ओळ वाचली.

म्हाळसाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. मुंजाबा भिंतीकडे तोंड करून फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होता.

“हलव,” ती म्हणाली. “अन् उद्या दिस उगवायला आपली चूल काढते म्या. मेंढ्या धरून चालवा जरा, कोकरं बाना घेईल.”

बानानं कळ दाबली. पडद्यावरचे गडी आणि मेंढरं डोहापासून सरकत निघाली. बिरूचा ‘बी’ तिथंच राहिला.

जिन्याच्या तोंडाशी म्हाळसाबाई थांबली. पाठमोरीच म्हणाली, “मास्तर, पोरं खेळू द्यात. पर त्याला रोज हाळी नका देऊ. ओ द्यायला उठावं लागतं त्याला.”

ते तिघं जिना उतरले. फकिरा पलीकडच्या खोलीतून आला आणि सवयीनं मशिनसमोर बसला. पडद्यावर पुढच्या मुक्कामाचा दिवस मावळत होता. त्याचं बोट हाळीच्या कळेवर गेलं, थोडा वेळ तिथं राहिलं, मग त्यानं ते उचलून मांडीवर ठेवलं.