दोन जहाजांमधला बोया

मित्रांनो, मला पाहून लोक हसतात, याची मला आता सवय झाली आहे. दोन फळ्या आडव्या-उभ्या ठोकलेल्या, एका टोकाला वाकडी लोखंडी पन्हळ आणि अंगभर भोकं बुजवल्याच्या खुणा. कोंबड्या माझ्यावर बसतात ते एक वेळ ठीक, पण त्या दिवशी एका पाहुण्याने मला मोडका पाळणा म्हटलं! अहो, मी बोया आहे, पाण्यावर तरंगत खूण दाखवणारा. तोही बंदरातला ऐदी बोया नाही, एका जागी नांगरून दिवसभर डुलत बसणारा. मी धुक्यातला बोया. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी अटलांटिक महासागर तुडवला आहे.

तेव्हा इंग्लंडला धान्य, लाकूड, लोखंड सगळं समुद्रावरून यायचं आणि पाण्याखाली जर्मन पाणबुड्या टपून बसलेल्या असायच्या. म्हणून मालवाहू जहाजं एकेकटी निघत नसत. त्यांचा मोठा ताफा निघे, रांगांमागून रांगा, आणि कडेने युद्धनौका येरझारा घालत, मेंढरांभोवती धनगराची कुत्री फिरतात तशा. पण कॅनडाच्या किनाऱ्यालगतच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ असं काही धुकं पडे की खलाशाला स्वतःचा हात दिसू नये. मागचं जहाज पुढच्यावर आदळायचं तरी, नाहीतर वाट चुकून मागे पडायचं. आणि जे मागे पडलं त्याची गत काय होई, हे सगळे जाणून होते.

अशा वेळी मला पाण्यात सोडत. लांबलचक दोरखंड, त्याच्या एका टोकाला जहाज आणि दुसऱ्या टोकाला मी. जहाज मला ओढू लागलं की माझ्या पन्हळीत पाणी शिरे आणि वर पांढरा फवारा उडे. मागच्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, एक पहारेकरी उभा असे. तो फवारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

मित्रांनो, किती एकटं वाटायचं म्हणून सांगू! पुढे जहाज आहे हे दोरीला बसणाऱ्या हिसक्यावरून कळायचं. मागेही जहाज आहे हे त्याच्या यंत्राच्या धडधडीवरून कळायचं. दिसत मात्र कोणीच नसे. दोन्हीकडची माणसं माझ्या भरवशावर आणि माझ्याशी बोलायला कोणी नाही. धुकं विरलं की मला ओढून डेकवर टाकत आणि विसरून जात.

एक माणूस मात्र मला विसरत नसे. तो म्हणजे एम्रिस पियू, ‘ग्लेनव्हार’ जहाजावरचा सुतार. त्यानेच मला घडवलं. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या नेव्हिन गावचा हा माणूस तोंडात विझलेला पाइप धरून काम करी आणि कामाशी पुटपुटत बोले. “हं, नीट बस बाळा. वाकडा राहिलास तर माझी अब्रू जाईल.” असं मला कोणीतरी बाळ म्हटलं होतं, हे मी अजून विसरलेलो नाही.

एम्रिसला एक धाकटा भाऊ होता, ग्विलिम. दोघेही दर्यावर्दी. पण त्यांच्या आईने बजावलं होतं, दोघांनी एका जहाजावर पाय ठेवायचा नाही. गेलं तर एक जाईल, दोघे नकोत. त्या गावातल्या सगळ्याच आया तसं बजावत. म्हणून ग्विलिम ‘लेडी मर्टन’ या दुसऱ्या जहाजावर लागला. आणि योगायोग बघा, ताफ्यात ‘लेडी मर्टन’ची जागा आली नेमकी ‘ग्लेनव्हार’च्या मागे! ग्विलिमची नजर तीक्ष्ण, म्हणून धुक्यात नाळेवर पहारा त्याचाच. एका भावाने मला पाण्यात सोडायचं आणि दुसऱ्याने माझ्यावर डोळे लावून मागोमाग यायचं. एम्रिस मला सोडताना दर वेळी दोरखंडाची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघे. “आमचं येडं मागे आहे. हरवू देऊ नकोस त्याला,” म्हणे. आईपाशी धाकट्याला सुखरूप नेऊन पोचवायचं, एवढा एकच ध्यास त्याला होता.

कॅनडाकडे जातानाची गोष्ट. धुकं एकाएकी विरळ झालं आणि मला ओढून घेण्याआधीच ऊन पडलं. ग्विलिमला पाण्यावर पळणारा पांढरा तुरा दिसला. पाणबुडी आपला पेरिस्कोप बाहेर काढते तेव्हा अगदी तसाच तुरा उठतो. झालं! त्याने घंटा बडवली. “पेरिस्कोप! पेरिस्कोप!” लगेच मशीनगन कडाडली आणि माझ्या अंगाची चाळण झाली. एक युद्धनौका धावत आली. तिच्या कप्तानाने कर्णा तोंडाला लावला आणि साऱ्या ताफ्याला ऐकू जाईल असा ओरडला, “शाबास, लेडी मर्टन! एक लाकडी शत्रू ठार!”

मग काय विचारता! हॅलिफॅक्सच्या बंदरात ग्विलिमला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. खलाशांच्या खानावळीत तो शिरला की कोणीतरी चमचा उभा धरून किंचाळायचं, “पेरिस्कोप!” आणि सगळे टेबलं बडवत खिदळायचे. चहा वाढणाऱ्या बाईसुद्धा म्हणाल्या, “साखर देऊ का, की तिच्यावरही गोळ्या घालशील?”

एम्रिसने मला डेकवर आडवं घालून भोकांत लाकडी खुंट्या ठोकायला घेतल्या, तेव्हा ग्विलिम शेजारी येऊन बसला. चेहरा एवढासा झालेला.

“माझ्या बाळाला मारलंस रे, कसाया,” एम्रिस म्हणाला.

“तूही हसून घे. बाकीचे हसलेच आहेत.”

“हसू नको तर काय करू? अख्खा ताफा हादरवलास लेका!” पाइप तोंडातून काढून एम्रिसने खुंटीवर हातोडी मारली. “पुढच्या खेपेला ओंडका दिसला की आधी दोनदा बघ. मग बोंब मार.”

ग्विलिम हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, “बघेन.”

एम्रिसने ते थट्टेत म्हटलं होतं हो. पण काही थट्टा माणसाच्या मनात काट्यासारखी मोडून बसते.

परतीच्या वाटेवर ‘ग्लेनव्हार’ कच्च्या लोखंडाच्या दगडांनी भरलेलं होतं. असं जहाज फुटलं की दगडासारखंच तळाला जातं, म्हणून खलाशी पायांतले बूटही न काढता झोपत. वाटेत पुन्हा धुकं लागलं. मी पाण्यात होतो. खुंट्यांमुळे माझा तोल गेला होता, त्यामुळे सरळ न धावता मी सारखा डावीकडे झुके. ग्विलिमच्या डोळ्यांना मी तिथेच दिसायची सवय झाली.

एका सकाळी धुकं वितळू लागलं. या वेळी एम्रिसने अजिबात उशीर केला नाही. पुन्हा भावाची फजिती नको, म्हणून तो लगबगीने पिछाडीला आला आणि मला वर ओढून घेतलं. मी कठड्याला टेकून निथळत होतो. एम्रिस समुद्राकडे पाठ करून, वाकून, माझा दोरखंड गुंडाळत होता. मला मात्र सगळं दिसत होतं.

मागे, थोडं डावीकडे, जिथे इतका वेळ मी होतो तिथे, पाण्यावर पांढरा तुरा पळत होता.

पलीकडे नाळेवर ग्विलिम उभा. त्याने तो तुरा पाहिला, मी शपथेवर सांगतो. त्याचा हात घंटेकडे गेला. आणि थांबला. त्याने पुन्हा पाहिलं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, मी इथे आहे, वर आहे, तो मी नव्हे! पण लाकडाला कुठलं आलंय तोंड? तिसऱ्यांदा पाहताना त्याची नजर कठड्यापाशी माझ्यावर पडली. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. त्याने जिवाच्या आकांताने घंटा बडवली, तोवर टॉर्पेडो सुटला होता.

‘ग्लेनव्हार’ दुभंगलं. होड्या सोडायलाही सवड मिळाली नाही. मी पाण्यात फेकला गेलो, आणि थोड्या वेळाने एम्रिसने माझ्या पन्हळीला दोन्ही हातांनी मिठी घातली. पाणी बर्फासारखं होतं.

ताफ्याचा नियम कडक असे. बुडणाऱ्यांसाठी कोणीही थांबायचं नाही. थांबेल त्याचाही बळी. उचलायला सगळ्यांत मागे एक बचावजहाज असे, ते येईल तेव्हा येईल. त्यामुळे ‘लेडी मर्टन’ सुकाणू वळवून आमच्या अगदी जवळून निघालं. जहाज पुढे सरकत होतं, तसा आमच्या समोर राहण्यासाठी ग्विलिम नाळेवरून कठड्याच्या कडेकडेने पिछाडीकडे धावत होता.

“एम्रिस! मला दिसलं होतं रे! दिसलं होतं, आणि मी गप्प राहिलो!”

एम्रिसचे दात वाजत होते. तरी त्याने मान वर केली आणि उरलासुरला सगळा श्वास गोळा करून ओरडला, “मलाही दिसलं होतं, गाढवा! मलाही दुसऱ्या कुठल्या जहाजाचा बोयाच वाटला! जा, आईकडे जा!”

जहाज पुढे निघून गेलं. ग्विलिम पिछाडीच्या टोकाला उभा राहिलेला दिसला, मग तोही दिसेनासा झाला. एम्रिसने माझ्या पन्हळीवर डोकं टेकवलं. मला फार वाटलं, एकदा तरी बाळ म्हणावं. बचावजहाजाची होडी आली तेव्हा त्याचे हात माझ्यापासून सोडवायला दोन माणसं लागली. त्यातल्या एकाने त्याच्या छातीला कान लावला आणि नुसतीच मान हलवली. ते त्याला घेऊन गेले. मला कोण नेणार?

वाहत वाहत मी आयर्लंडच्या या किनाऱ्याला लागलो. एका कोळ्याने मला उचलून खुराड्यात उभं केलं. लाटांचा आवाज येतो, समुद्र दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्यातलाही कोणीतरी कधी पहाऱ्यावर असेल. उगाच ओरडेल, तुमची झोप मोडेल. हसा हवं तर थोडं. पण पुढच्या वेळी त्याचं तोंडच उघडणार नाही, इतकं हसू नका.

आणि आणखी एक विनंती आहे. नेव्हिन गावात ग्विलिम पियू नावाचा म्हातारा तुम्हाला कधी भेटला, तर त्याच्याशी हवं ते बोला. फक्त त्या सकाळी एम्रिसची समुद्राकडे पाठ होती, एवढं त्याला सांगू नका.