कंट्रोलरबाईंची गैरहजेरी

नवरा तिला थट्टेनं कंट्रोलर म्हणायचा, आणि घरात सगळ्यांनीच ते नाव उचललं होतं. लेकीची स्कूलव्हॅन, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा सिलिंडर, नवऱ्याच्या हरवलेल्या किल्ल्या, सगळ्याचा पत्ता तिच्या डोक्यात. त्यामुळे पस्तिशी उलटल्यावर ती लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट शिकायला परदेशी निघाली, तेव्हा माहेरच्यांनी कपाळाला हात लावला. घराचं कसं व्हायचं? तिलाही तीच धास्ती होती.

पण घराचं काहीच अडलं नाही. फोन केला की सगळे जेवूनखाऊन मजेत असायचे.

इकडे वर्गात प्राध्यापिकाबाई एकदा म्हणाल्या, की जी व्यवस्था एकाच माणसाच्या जिवावर चालते ती कच्ची. कुणीही गैरहजर असलं तरी माल वेळेवर पोचला पाहिजे. बाकीच्या पोरांनी ते निमूट उतरवून घेतलं. तिचं पेन मात्र अर्ध्या वाक्यावर थांबलं. इतकी वर्षं आपण ज्याचा तोरा मिरवला, तो दोषच होता की काय?

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती औषधांच्या एका गोदामात काम शिकत होती. थंडगार खोल्या, छताला टेकलेले रॅक, मागे येताना ठणाणा करणाऱ्या, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या. तिथे तिचं छान बस्तान बसलं होतं. एका सकाळी कामावर निघताना तिनं घरी फोन लावला, तर सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, की आता पोरीच्या खपल्याही पडल्या हो. कसल्या खपल्या? मग कळलं, लेकीला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. नवरा इतके दिवस व्हिडिओ बंद ठेवून नेटला शिव्या का घालत होता, याचा उलगडा तिला आत्ता झाला.

त्या दिवशी तिनं इन्सुलिनची खोकी भलत्याच ट्रककडे पाठवली. स्कॅनरचा दिवा लाल झाला, ड्रायव्हरनं फोर्कलिफ्ट वळवली आणि खोकी योग्य ट्रकमध्ये चढली. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुपारी गोदामाच्या मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आता बोलणी बसणार म्हणून ती मनाची तयारी करून गेली, तर बाईंनी शिक्षण संपल्यावर इथेच नोकरी करशील का, असं विचारलं. ती आभार मानायचंही विसरली.

नवऱ्याला फोन करून आधी ती कांजिण्यांवरून कडाकडा भांडली. तिथून तू काय करणार होतीस, उगाच जिवाला घोर, असं तो म्हणाला. मग तिनं नोकरीचं सांगितलं.

"घे की," तो म्हणाला. "आमचं छान चाललंय."

बसमध्ये ती ते वाक्य उलटंसुलटं करत राहिली. छान चाललंय म्हणजे मी नको? की मी निर्धास्त राहावं म्हणून? एकदा वाटे माणूस देवासारखा आहे, एकदा वाटे अगदी दगड आहे. शेवटी तिनं पुन्हा फोन लावून त्याला सरळच विचारलं, मी परत यावं असं तुला वाटतं का?

"मला विचारशील तर उद्या ये," तो म्हणाला. "पण मला विचारू नकोस ना. तू आपणहून आलीस, की मी तुला आणलं, हे मग आपल्याला कधीच कळायचं नाही."

हे ऐकून गुंता सुटायचा तो वाढलाच. तिनं मॅनेजरबाईंकडून मुदत मागून घेतली आणि सुट्टीत घर गाठलं.

लेक उंच झाली होती. कपाळावर कांजिण्यांचे दोन वण होते. तिला कुशीत घेऊन झाल्यावर कंट्रोलर सवयीनं स्वयंपाकघरात शिरली आणि वरचं कपाट उघडलं, तर चहाच्या जागी रवा. पातेलीही हलली होती.

"आई, तू बस," लेक म्हणाली. "चहा खाली असतो. माझा हात पुरत नाही ना वर."

आजीच्या देखरेखीखाली पोरीनं चहा टाकला. कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसली. चहा नुसता पाक झाला होता. तिचे डोळे भरून आले. ते अभिमानानं की दुःखानं, हे तिला ठरवता येईना. लेकीनं घाबरून विचारलं, बिघडला का? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि कप रिकामा केला.

सुट्टी संपत आली तसा तिनं मॅनेजरबाईंना होकार कळवला, एका वर्षापुरता. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कपड्यांच्या घड्या घालत होता. हातातला टॉवेल त्यानं पुन्हा उलगडला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

"मलाही तसंच वाटलं होतं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. हसू थांबेना. सासूबाई चष्मा सावरत बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. दोघांपैकी कुणालाच ते धड सांगता आलं नाही.