सभासद जिवंत आढळल्यास

दादा गेला तरी मागच्या खोलीतला त्याचा कॉम्प्युटर चालूच राहिला. वहिनींनी तो बंद करू दिला नाही. आतला पंखा घरघरतो, तेवढंच कुणीतरी आहेसं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. दादा असतानाही त्या खोलीतून याहून जास्त आवाज येत नसे.

दादा रेडिओवर ध्वनिमुद्रण करायचा. निवृत्तीनंतर तो टॉरेंटच्या एका क्लबात शिरला. टॉरेंट म्हणजे काय ते त्यानं मला एकदा समजावलं होतं. एका फाइलचे पुष्कळ तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो त्यानं बाकीच्यांना द्यायचा. कुणाकडे काय आहे हे सांगतो तो ट्रॅकर. सार्वजनिक ट्रॅकर चव्हाट्यावरचा. कुणीही यावं, ओरबाडावं, पसार व्हावं. खासगी ट्रॅकरवर ओळखीशिवाय प्रवेश नाही, घेतलं तेवढं वाटल्याशिवाय सुटका नाही, आणि आतलं काही बाहेर गेलं तर थेट हकालपट्टी.

"थोडक्यात, सासर," मी म्हणालो होतो. दादा हसला नव्हता.

क्लब जुन्या श्रुतिकांचा होता. दादानं तरुणपणी अशाच एका श्रुतिकेत काम केलं होतं, शेवटच्या प्रवेशात. पुढे रेडिओवाल्यांनी ती टेप पुसून तिच्यावर हवामानाचे अंदाज भरले. क्लबात मात्र ती कुणीतरी जपलेली निघाली. दादानं ती कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. किती उतरली ते दाखवणारी हिरवी पट्टी भरत भरत आली आणि टोकाशी येऊन थांबली. मग दादाही थांबला.

"जन्मभर लोकांचे आवाज साठवले आणि स्वतःचा एक कुठे ठेवला नाही," वहिनी म्हणाल्या. "फोनवरसुद्धा 'हं'च्या पुढे गाडी नाही. एक तरी पूर्ण वाक्य ऐकू दे मला, भावजी."

म्हणून एका दुपारी मी आणि पुतणी त्या कॉम्प्युटरपुढे बसलो. पुतणी इमारतींचे नकाशे काढते. उघड्या जागा तिला आवडतात. पडद्यावर तुकडे देणाऱ्यांची टोपणनावं दिसत होती. उरलेला तुकडा एकाकडेच होता: 'मिशी'.

"काका, याला फोन करा ना."

"करतो. पण हा तुझ्या बाबांच्या आधी गेला. मी खांदा दिलाय याला."

तेवढ्यात पडद्यावर मिशी आला, एक कण देऊन परत गेला. जिवंतपणीही तो असाच यायचा; चहाला हो म्हणायचा आणि चहा येईपर्यंत नाहीसा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन आलो. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज. मागे ना बायको ना मूल. जिन्याखालचा विजेचा मीटर तेवढा फिरत होता.

मग मी इतर नावांकडे नीट पाहिलं. दादाच्या तोंडून ऐकलेली बरीचशी त्यात होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या श्रद्धांजल्याही मी दादाच्याच तोंडून ऐकल्या होत्या. कुठे बंद घरात, कुठे विसरलेल्या माळ्यावर त्यांची यंत्रं चालू होती. क्लबातले सर्वोत्तम सभासद तेच. मागत काही नाहीत, नुसते देतात, आणि भांडत तर मुळीच नाहीत.

"मला इथे बसवत नाही," पुतणी म्हणाली. "सार्वजनिक ट्रॅकरवर टाकूया. एवढ्या मोठ्या जगात कुणाकडे तरी असेल."

"नको गं," वहिनी दारातून म्हणाल्या. "बाबांना काढून टाकतील."

"आई, कुठून काढणार? अजून कुठून काढायचे राहिलेत?"

पुतणीनं आईचं मौन होकार समजून सार्वजनिक ट्रॅकरचे पत्ते त्याच फाइलला जोडून टाकले. या क्लबात याहून मोठा गुन्हा नव्हता.

अनोळखी लोकांची झुंबड उडाली. नावं नाहीत, नुसते आकडे. सगळे हात पसरून उभे. शेवटचा तुकडा एकाकडेही नाही.

थोड्या वेळानं क्लबाच्या व्यवस्थापकांचा निरोप आला. मी तो मोठ्यानं वाचला: "आपण वारला आहात असे समजून आपल्याला नियमांतून सूट दिली होती. आज आपण जिवंत आढळल्याने आपले सभासदत्व रद्द करण्यात येत आहे."

पडद्यावरची नावं एकेक करून विझली. मिशीचं तेवढं राहिलं.

"आधीपासून जोडलेला आहे, म्हणून," पुतणी हलक्या आवाजात म्हणाली. "आता तुटला की परत सापडायचा नाही. कुणी काही हलवू नका."

वहिनींनी स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसल्या. "मिशीभावजी," त्या म्हणाल्या, "आज चहा नाही ठेवत. जाऊ नका."

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पट्टी सरकत होती. पंख्याचा आवाज चढला. पट्टी टोकाला टेकली आणि मिशीचं नाव गेलं.

पुतणीनं शेवटचा प्रवेश लावला. खरखर, दार वाजल्याचा आवाज, आणि मग एक मुलगा बोलू लागला. उंच, घाईघाईचा, गर्वानं फुगलेला आवाज. एकापाठोपाठ एक पूर्ण वाक्यं. मी ओळखला. आमची एकच खोली होती तेव्हाचा तो दादा, आरशापुढे भांग पाडणारा. वहिनी या घरात येण्याच्या कितीतरी आधीचा.

वहिनी मान तिरकी करून ऐकत होत्या.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"बाबाच, आई."

"नव्हे गं. हे किती बोलतंय." त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "याची माझी ओळखच नाही."

पुतणीला रडू आलं. आपण बाबांना घालवलं ते घालवलंच, वर परका माणूस घरात आणला, असं काहीसं ती पुटपुटली. तिनं बंद करायला हात पुढे केला.

वहिनींनी तो धरला. त्या आकडेवाल्यांची रांग अजून पडद्यावर होती, आणि आता शेवटचा तुकडा आमच्याकडून त्यांच्याकडे चालला होता.

"हे आत्ता सगळ्यांकडे बोलायला निघालेत?"

"हो. थांबवू?"

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी केस सारखे केले, कुणी पाहुणा समोर यावा तसा पदर नीट घेतला आणि स्टूल आणखी जवळ सरकवलं. "परत लाव. पहिल्यापासून."